तगर : सागरी व्यापार आणि अर्थव्यवस्था

तगर हे प्राचीन दख्खनमधील एक प्रसिद्ध व्यापारी नगर. महाराष्ट्र राज्याच्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर हे गाव म्हणजेच प्राचीन तगर होय. ते धाराशिव शहराच्या ईशान्येस, मांजरा नदीला मिळणाऱ्या तेरणा नदीच्या काठी वसले आहे. गावाभोवतीची पांढरीची टेकाडे सातवाहनकालीन वस्तीची साक्ष देतात. पश्चिम किनारा येथून तीनशे किमी. पेक्षा अधिक दूर असून पूर्व किनारा त्याहूनही लांब आहे. असे असूनही इसवी सनाच्या पहिल्या दोन शतकांत या नगराची भरभराट समुद्रावरील जहाजांच्या येण्याजाण्याशी निगडित होती. किनारा नसलेल्या प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेत व्यापारी नौकानयनाला कोणते स्थान असते, त्याचा लाभ कोणाच्या पदरी पडतो आणि तो कशामुळे हातचा जातो, हे समजण्यास तगरचा इतिहास फार उपयुक्त आहे. सातवाहन राज्याचा गाभा पठारावर होता. बंदरे त्याच्या कडेला होती आणि ती नेहमीच त्याच्या ताब्यात राहिली असे नाही. तगरच्या उत्कर्षापकर्षाचे बरेचसे कारण या एका वस्तुस्थितीत सापडते.

तगरचा सर्वांत महत्त्वाचा उल्लेख एरिथ्रीयन समुद्राचे *पेरिप्लस* या ग्रीक प्रवासपुस्तिकेत येतो. इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्यास ईजिप्तमध्ये राहणाऱ्या कोणा व्यापाऱ्याने ती लिहिली. त्याचे नाव अज्ञात आहे. तांबडा समुद्र, आफ्रिकेचा पूर्व किनारा, अरबस्तान व भारत येथील बंदरे, तेथे खपणारा व मिळणारा माल, वाऱ्यांचे ऋतू आणि प्रवेशाचे धोके यांची माहिती तीत आहे. पुस्तिका खलाशी व व्यापारी यांच्या उपयोगासाठी लिहिली असल्याने तीत अलंकार नाहीत, आणि इतिहासकाराला तिचा जो भरवसा वाटतो तो यामुळेच. दक्षिणापथातील दोन बाजारपेठांना लेखक विशेष महत्त्व देतो. एक पैठण. ते बॅरिगाझा म्हणजे भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आहे. दुसरी तगर. ही फार मोठी नगरी असून ती पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर आहे. पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड व तगरहून साधे कापड, तलम मलमलीचे प्रकार व मोलोखिना नावाचे कापड गाड्यांतून, रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून भडोचला उतरते, असे तो सांगतो. किनाऱ्याकडील प्रदेशांतून तगरला जमा होणारा इतर मालही त्याबरोबर जात असे. टॉलेमीच्या भूगोलातही तगरचा निर्देश आहे.

हे तगर कोणते, याविषयी एकोणिसाव्या शतकात पुष्कळ वाद झाला. देवगिरी, जुन्नर, धारूर अशी निरनिराळी स्थळे सुचविली गेली. १९०१ मध्ये जॉन फेथफुल फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर, हे मत साधार मांडले. त्याच सुमारास हेन्री कझिन्स यांनी तेथील अवशेषांची पाहणी केली आणि त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर हे मूळचे गजपृष्ठाकार बौद्ध चैत्यगृह असल्याचे दाखवून दिले. अंतरांचा हिशेबही या मताला पोषक आहे. नकाशावर भडोच ते पैठण हे सरळ अंतर सु. ३५० किमी. व पैठण ते तेर सु. १५० किमी. भरते. वीस आणि दहा दिवसांनी भागले असता दोन्हीकडे रोजची चाल सरळ रेषेत १५ ते १८ किमी. येते. वाटेची वळणे धरल्यास बैलगाडीला ती साजेशीच आहे. दिशा मात्र पूर्व नसून आग्नेय आहे. परंतु भडोचच्या धक्क्यावर ऐकीव माहिती टिपून घेणाऱ्या परदेशी माणसाकडून तेवढी चूक क्षम्य मानली पाहिजे.

तगरचे कापड आणि परदेशी जहाज यांचा मेळ बसविणारी खरी शक्ती मोसमी वाऱ्यांची होती. ईजिप्तमधील जहाजे जुलैच्या सुमारास निघत, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडत आणि पावसाळ्याच्या अखेरीस भारताचा किनारा गाठीत. परतीचा प्रवास ईशान्य वाऱ्यांवर, साधारणतः डिसेंबरात किंवा जानेवारीच्या आरंभी सुरू होई. म्हणजे परदेशी जहाज बंदरात जेमतेम तीन-चार महिने असे. इकडे मराठवाड्याची काळी जमीन पावसाळ्यात गाडीचे चाक धरून ठेवते. दसऱ्याच्या आगेमागे चिखल वाळून वाटा मोकळ्या होत. तेव्हा निघालेला गाड्यांचा काफिला महिन्याने, कार्तिकात भडोचला पोहोचणार. त्याला विलंब झाला, तर माल वर्षभर वखारीत पडून राहणार. शिवाय याच दिवसांत नवा कापूस वेचणीला येतो. अर्थात गाडीत भरलेले कापड गतवर्षीच्या कापसाचेच असले पाहिजे. कापूस घेणे, तो पिंजून सूत कातणे, विणणे, धुणे-रंगविणे, साठविणे आणि मग महिनाभराच्या वाटेवर पाठविणे या साखळीत एकूण वर्ष-सव्वा वर्ष भांडवल अडकून राही. हा हिशेब ऋतुचक्रावरून बांधलेला आहे, कोणत्या शिलालेखात तो दिलेला नाही. परंतु शेती आणि वारे हे दोन्ही तेव्हाही आजच्यासारखेच असल्याने तो डावलता येत नाही.

एवढा काळ भांडवल कोण पुरवीत असे, याचे उत्तर तेरला नव्हे, पण नाशिकच्या पांडवलेण्यांत मिळते. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने वर्ष ४२ मध्ये ३,००० कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. (हे वर्ष कोणत्या कालगणनेचे, याबद्दल मतभेद आहेत.) त्यांपैकी २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने व १,००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने होते. पहिल्या रकमेच्या वार्षिक २४० कार्षापण व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते. मुद्दल खर्चावयाचे नव्हते. दानाची ही तरतूद धार्मिक असली, तरी तिची आर्थिक बाजू अधिक बोलकी आहे. विणकरांची श्रेणी सालिना नऊ ते बारा टक्के व्याज निरंतर देऊ शकते, एवढा विश्वास राजघराण्यातील पुरुषाला वाटत होता. याचा अर्थ कापडाच्या धंद्यात त्याहून अधिक नफा होता. ज्या मुलखात अशा श्रेणी पतपेढीचे काम करीत, तेथे तगरच्या कोष्ट्यांनाही त्याच प्रकारचा आधार असावा, हे अनुमान वावगे ठरणार नाही.

तगरचे कापड कोठे जात असे? बहुतेक लेखनात या व्यापाराला सरसकट रोमन व्यापार म्हटले जाते. त्यात रोमला जरा जास्त श्रेय मिळते, आणि तगरच्या बाबतीत तर हे नाव दिशाभूल करणारे आहे. तलम मलमल भूमध्य समुद्राकडे जात असेल. परंतु *पेरिप्लस* मध्ये जाडेभरडे भारतीय कापड व मोलोखिना यांचे गिऱ्हाईक म्हणून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील पेठांची नावे येतात. आजच्या एरिट्रियामधील अदुलिस हे बंदर त्यांपैकी एक. तेथे अरियाके या भारतीय प्रदेशातून लोखंड, पोलाद, सुती कापड व पट्टे येत असत. तगरच्या मालात साध्या कापडाचा भरणा मोठा होता, असे तीच पुस्तिका म्हणते. म्हणजे तेरणेच्या काठी विणलेल्या कापडाचा बराचसा भाग रोमच्या श्रीमंतांऐवजी तांबड्या समुद्राकाठच्या सामान्य लोकांच्या अंगावर गेला असला पाहिजे. ईजिप्तच्या किनाऱ्यावरील बेरेनिके येथील उत्खननात भारतीय पद्धतीने कातलेल्या सुताचे कापडाचे तुकडे मिळाले आहेत. त्यांत शिडाच्या कापडाचेही तुकडे आहेत. ते कोणत्या गावचे हे कापडावरून सांगता येत नाही. तथापि भारतीय कापसाचे शीड जहाजाला लावले जात होते, ही गोष्ट त्यावरून सिद्ध होते.

स्वस्त कापडाला महिनाभराचे गाडीभाडे परवडले कसे, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. प्राचीन काळी जमिनीवरील वाहतूक समुद्रावरील वाहतुकीच्या कितीतरी पट महाग असे. भडोचपासून पुढे हजारो किमी. चा प्रवास वाऱ्यावर, तुलनेने अल्प खर्चात होई, म्हणूनच आधीच्या पाचशे किमी. चा भार त्या मालाला सोसवला. जहाज नसते, तर तगरच्या साध्या कापडाची बाजारपेठ दख्खनच्या पठारावर चार-दोन जिल्ह्यांपुरती उरली असती. नौकानयनाने तगरला दिलेली सर्वांत मोठी देणगी ती हीच. धान्याला मात्र असा प्रवास परवडण्यासारखा नव्हता आणि तगरच्या निर्यातीत ते दिसतही नाही. नगरातील कारागीर व गाडीवान यांना पोसण्याचे काम आसपासच्या शेतीने केले. तेरच्या उत्खननात धान्याचे जळके दाणे सापडले आहेत.

जहाजांनी आणलेल्या मालाची यादी मोठी आहे. भडोचला इटलीचे, लाओडिसियाचे व अरबस्तानचे मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, सुरमा, रंगीत पट्टे, सोन्यारुप्याची नाणी आणि राजासाठी रुप्याची भांडी, उंची मद्ये, गाणारी मुले व सुंदर दासी येत असत. दरबारी चैनीच्या वस्तूंकडे वाचकाचे लक्ष आधी जाते, परंतु अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने तांबे, कथील व शिसे यांचे महत्त्व अधिक होते. सातवाहनांची दैनंदिन व्यवहाराची नाणी मुख्यत्वे शिसे, तांबे व पोटीन (तांबे, कथील, शिसे इ. धातूंचे मिश्रण) यांची होती. चांदीची मुखवट्याची नाणी त्यांनी उशिरा व मर्यादित प्रमाणात पाडली. भारतात तांबे व शिसे नसून तेथील लोक रत्ने व मोती देऊन ते धातू घेतात, असे प्लिनी म्हणतो. हे विधान अतिव्याप्त आहे. राजस्थानात तांब्याच्या आणि जावरसारख्या ठिकाणी शिसे-जस्ताच्या प्राचीन खाणी होत्या. तरीही आयात धातूंचा एक हिस्सा टांकसाळीत जात असावा, हे बंदरावरील मालाच्या यादीवरून संभवनीय दिसते. तसे असेल, तर आठवडे बाजारात भाजीपाला घेणाऱ्याच्या हातातील शिशाच्या नाण्याचाही जहाजाशी संबंध पोहोचतो. परदेशी सोन्यारुप्याच्या नाण्यांची देशी नाण्यांशी अदलाबदल करताना नफा होई, हेही पुस्तिकेत नमूद आहे. उषवदाताच्या लेखात ३५ कार्षापणांस एक सुवर्ण असा भाव दिला आहे, त्यावरून या विनिमयाची कल्पना येते.

तेर येथे १९५८ मध्ये बी. एन. चापेकर यांनी उत्खनन केले व त्याचा वृत्तांत १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरही तेथे उत्खनने झाली. त्यांत विटांच्या बौद्ध स्तूपाचे व चैत्यगृहाचे अवशेष, सातवाहन नाणी, शंखाच्या बांगड्या, मणी, हस्तिदंती वस्तू आणि भाजक्या मातीच्या व केओलिनच्या मूर्ती मिळाल्या. दोन साच्यांतून काढून जोडलेल्या केओलिनच्या मूर्तींचे तंत्र, भूमध्यसागरी घाटाचे मातीचे दिवे आणि रोमन नाण्यांच्या नकलेने घडविलेल्या मातीच्या मुद्रा यांवरून परदेशी वस्तूंचा परिचय गावात किती खोलवर पोहोचला होता हे दिसते. मातीच्या मुद्रांना ओवण्यासाठी भोक किंवा कडी असे. त्या अलंकार म्हणून गळ्यात घालीत. सोन्याचे नाणे ज्याला परवडत नव्हते, त्याने त्याची मातीची नक्कल घातली. नाणे पैसा म्हणून नव्हे, तर नवलाईची वस्तू म्हणून या पेठेत मिरवले. तेर येथील हस्तिदंती स्त्रीमूर्ती विशेष प्रसिद्ध आहे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ मध्ये जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी या मूर्तीचे साम्य आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथेही त्याच घडणीची मूर्ती मिळाली. यावरून पाँपेईची मूर्ती याच भागात घडली असावी, असे काही विद्वानांनी सुचविले. ते सर्वमान्य झालेले नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेली समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्तीही येथे आठवते. सह्याद्रीच्या अलीकडे, समुद्र दृष्टीसही न पडणाऱ्या गावात ग्रीकांचा समुद्रदेव येऊन राहावा, हा या व्यापाराचाच विलास होय. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी कित्येक वर्षे खपून गावच्या टेकाडांवरून गोळा केलेल्या पुराणवस्तू शासनाला दिल्या. त्यांतून तेथील शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले असून त्याला त्यांचेच नाव दिले आहे.

आता जहाजे कोणाची होती आणि नफा कोणाचा, हा प्रश्न. ईजिप्तहून येणाऱ्या मोठ्या जहाजांचे मालक व सावकार अलेक्झांड्रिया येथील होते. व्हिएन्ना येथे जतन केलेल्या दुसऱ्या शतकातील एका पपायरसवर, मुझिरिस या केरळच्या बंदराशी चालणाऱ्या व्यापारासाठी केलेला कर्जाचा करार व 'हर्मापोलॉन' नावाच्या जहाजातील मालाचा हिशेब आहे. एका जहाजातील त्या मालाची किंमत सु. ७० लाख सेस्टर्स भरते आणि तिच्यावर रोमन शासन शेकडा २५ जकात घेत असे. भारत दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो व तेथील माल आमच्याकडे शंभरपट किंमतीने विकला जातो, अशी प्लिनीची तक्रार आहे. स्ट्रेबोच्या काळी मायोस हॉर्मोस बंदरातून भारताकडे १२० जहाजे जात. एका जहाजाचा माल ७० लाखांचा, तर पाच कोटींत सात जहाजेच बसतात. तेव्हा प्लिनीचा आकडा रोख धनापुरता तरी असावा, किंवा केवळ नीतिपाठाच्या ओघात आलेला असावा. शंभरपट किंमतीची गोष्टही अतिशयोक्तीचीच दिसते. तथापि बंदरातील भाव आणि रोममधील भाव यांत प्रचंड तफावत होती, यात शंका नाही. ती तफावत जहाजमालक, सावकार व रोमचे जकातखाते यांनी वाटून घेतली. तगरच्या वाट्याला विणकराची मजुरी, गाडीभाडे, स्थानिक व्यापाऱ्याचा नफा आणि राज्याला वाटेवरील शुल्क एवढेच आले. हे लाभ लहान असले, तरी ते अनेकांत वाटले गेले. लेण्यांतील दानलेखांत व्यापाऱ्यांबरोबर लोहार, सुतार, माळी, कोळी असे दाते भेटतात, ते यामुळेच.

भारतीयांची जहाजे नव्हतीच, असा मात्र याचा अर्थ नव्हे. भडोचहून सागवान व इतर लाकूड लादलेली मोठी जहाजे इराणी आखाताकडे जात, असे *पेरिप्लस* सांगते. नर्मदेच्या मुखाशी भरती-ओहोटीचा वेग व उथळ वाळूचे दांडे यांमुळे परकी जहाजे फसत. म्हणून राजाच्या सेवेतील कोळी आपल्या लांब होड्या घेऊन पुढे जात आणि जहाजांना वाट दाखवीत आत आणीत. सोकोत्रा बेटावरील होक गुहेत बेल्जियन संशोधकांना २००० नंतर ब्राह्मी लिपीतील अनेक नामलेख आढळले. त्यांत भरुकच्छहून आलेल्या खलाशांचा उल्लेख आहे. तेव्हा अरबी समुद्राच्या मधल्या टप्प्यांवरील नौकानयनात भारतीयांचा हात निश्चित होता. फक्त ते जहाजवाले भडोच, सोपारा या किनारी नगरांचे होते, पठारावरचे नव्हते.

पठाराच्या दृष्टीने जहाज कोणाचे यापेक्षा बंदर कोणाचे हा प्रश्न अधिक निकडीचा होता. *पेरिप्लस* मधील एक उल्लेख या दृष्टीने फार मोलाचा आहे. थोरल्या सारगनसच्या (सातकर्णीच्या) काळी कल्याण हे रीतसर व्यापारी बंदर होते. पुढे सांदनेस नावाच्या अधिपतीकडे ते गेल्यावर तेथील व्यापाराला अडथळा झाला, आणि चुकून तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. हा सांदनेस कोण, यावर एकमत नाही. परंतु भडोचच्या बाजूने कल्याणची कोंडी झाली होती, एवढे स्पष्ट आहे. तेरपासून कल्याणचे सरळ अंतर सु. ३३० किमी. आहे, तर पैठणमार्गे भडोच सु. ५०० किमी. वर आहे. कल्याण बंद होताच तगरच्या मालाची वाट दीडपट झाली. *पेरिप्लस* ज्या गाडीवाटेचे वर्णन करते, ती तगरची नैसर्गिक वाट नसून अडचणीत पत्करलेली वाट असावी, असे यावरून वाटते. अर्थात तिचा एक गुण होता. कल्याणकडे उतरताना नाणेघाटासारख्या खिंडींत गाड्या चालत नाहीत, तेथे माल बैलांच्या पाठीवर लादावा लागतो. उत्तरेकडे खानदेश व तापीच्या खोऱ्यातून जाताना सह्याद्रीचा तो कडा टळतो आणि गाडी सुटे न करता बंदरापर्यंत नेता येते. परंतु त्या वाटेवरील शुल्क आणि बंदरावरची जकात क्षत्रपांच्या खजिन्यात जात असे.

सातवाहन-क्षत्रप संघर्षाकडे निव्वळ राजकुलांचे वैर म्हणून पाहणे यामुळेच अपुरे ठरते. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव करून अपरांत म्हणजे उत्तर कोकण घेतले. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांत नहपानाची बहुसंख्य नाणी गौतमीपुत्राने स्वतःच्या ठशाने पुन्हा छापलेली आहेत. शत्रूचे चलन वितळविण्याची उसंत न घेता त्यावरच आपला ठसा मारण्यात विजयाची घोषणा होती, तशीच व्यापार खंडित न होऊ देण्याची व्यवहारदृष्टीही असावी. त्याच्या घोड्यांनी तिन्ही समुद्रांचे पाणी चाखले, अशा अर्थाचे बिरुद त्याच्या मातेने, गौतमी बलश्रीने, नाशिकच्या लेखात कोरविले. पठारावरच्या राजाच्या गौरवात समुद्र यावा, हे सूचक आहे. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे अनेक व्यापारी दाते म्हणून येतात. यावरून ते बंदर पुन्हा खुले झाल्याचे दिसते. परंतु दुसऱ्या शतकाच्या मध्यास रुद्रदामन याने अपरांत परत घेतले. पुढे यज्ञश्री सातकर्णीचा लेख कान्हेरीस व त्याचे नाणे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी उघडलेल्या सोपाऱ्याच्या स्तूपात मिळाले. शंभर-सव्वाशे वर्षांत बंदरांनी तीन-चार वेळा धनी बदलले. दर बदलाबरोबर तगरच्या गाडीवानाला दिशा बदलावी लागली असेल.

पश्चिमेची अनिश्चितता पूर्व किनाऱ्याने काही अंशी भरून काढली. तगर हे दोन समुद्रांच्या मधले ठिकाण होते. किनाऱ्याकडील प्रदेशांतून तेथे माल येतो, या उल्लेखाचा रोख पूर्व किनाऱ्याकडे असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेरणा-मांजरा खोऱ्यातून तेलंगणात कोंडापूरकडे व पुढे कृष्णा-गोदावरीच्या मुखांकडे वाटा जात. कोंडापूर व तेर येथील मातीच्या मुद्रा, मूर्ती व मणी यांत साधर्म्य आहे. उत्तरकालीन सातवाहनांची दोन डोलकाठ्यांच्या जहाजाचे चित्र असलेली शिशाची नाणी कोरोमंडल किनाऱ्यावर सापडतात. ती पुळुमावी व यज्ञश्री यांच्याकडे वर्तविली जातात. राज्याने नाण्यावर जहाज कोरले, ते सत्ता पूर्वेकडे सरकल्यानंतर. पश्चिमेकडील, तगरला जवळच्या बंदरांवर नव्हे. नाण्यावरील जहाजाचा उल्लेख सातवाहनांच्या समुद्रसत्तेचा पुरावा म्हणून नेहमी केला जातो. तो करताना ही नाणी कोठे सापडतात, याचा सहसा विसर पडतो.

इ. स. च्या तिसऱ्या शतकात सातवाहन सत्ता संपुष्टात आली. रोमन साम्राज्यही त्याच शतकात अंतर्गत युद्धे व चलनाच्या घसरणीने ग्रासले गेले. तेरच्या वैभवाचा काळ येथेच सरतो. पश्चिमेकडील व्यापार थांबला म्हणून दख्खनची नगरे ओस पडली, असे मत रा. श. शर्मा यांच्यासारख्या इतिहासकारांनी मांडले. ते जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. तांबड्या समुद्राचा मार्ग पुढेही काही शतके चालू होता. त्यावरचे व्यापारी बदलले. तगरला बाधली ती वाटेची असुरक्षितता. भडोच, पैठण व तगर यांच्यामध्ये एका राज्याचे किंवा दोन समंजस राज्यांचे शासन असेतोवर महिन्याची गाडीवाट चालू शकली. मध्ये चार सत्ता व चार जकातनाकी आली, तेव्हा साध्या कापडाच्या मोलातून एवढा खर्च निघेना. भडोचला कापड पुरविणारी इतर खोरी जवळ होती. जहाजे येत राहिली, तरी ती तगरच्या कापडासाठी खोळंबून राहण्याचे कारण उरले नाही.

गाव मात्र उजाड झाले नाही. पुलकेशी दुसरा याच्या ६१२ च्या ताम्रपटातील दान तगरच्या एका रहिवासी ब्राह्मणाला दिलेले आहे. चैत्यगृहाचे त्रिविक्रमाच्या मंदिरात रूपांतर झाले. अकराव्या शतकातील अपभ्रंश काव्य *करकंडचरिउ* मध्ये तेरापूर व धाराशिवची लेणी यांची कथा येते. तेराव्या-चौदाव्या शतकांत संत गोरा कुंभार येथेच होऊन गेले आणि आज महाराष्ट्राला तेर ठाऊक आहे ते मुख्यतः गोरोबाकाकांचे गाव म्हणून. पण नगराच्या जुन्या लौकिकाची सर्वांत दीर्घ स्मृती समुद्रकाठीच राहिली. नवव्या ते तेराव्या शतकांत ठाणे, सोपारा, चौल या बंदरांवर राज्य करणारे उत्तर कोकणचे शिलाहार आणि कोल्हापूरचे शिलाहार हे दोघेही स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. ज्यांच्या बंदरांत अरबी जहाजे नांगरत होती आणि तेरणेच्या काठावर ज्यांची सत्ता नव्हती, त्या राजांना आपल्या कुलाचा उगम सांगताना सह्याद्रीपलीकडच्या या कापडपेठेचे नाव घ्यावेसे वाटले.